गाबोळीचा धडा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२४ सालच्या श्रावणात आपल्या मंडळाच्या विद्यमाने मुलांची जी सहल लोणावळ्यास गेली, तिचा वृत्तांत चार शब्दांत सांगावा अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण झालेले एक प्राथमिक शिक्षक. प्राणिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तेव्हा शास्त्राच्या गोष्टी जेवढ्या आम्हास खात्रीने ठाऊक आहेत तेवढ्याच सांगू, आणि उरलेला वेळ मुलांनी आम्हास जे शिकविले ते सांगण्यात घालवू.

सहलीचा प्रस्ताव आम्ही सभेपुढे मांडला तेव्हा तो एकमताने संमत झाला असे मात्र समजू नये. बहुतेकांचा कल घसरगुंड्या आणि कृत्रिम लाटा असलेल्या एखाद्या जलक्रीडेच्या ठिकाणी मुलांना नेण्याकडे होता. एका वयोवृद्ध सभासदांनी तर विचारले, "गुरुजी, मासे पाहायला लोणावळ्यापर्यंत कशास? मुलुंडच्या बाजारात रोज दिसतात." आम्ही नम्रपणे म्हणालो, "आबासाहेब, तेथे दिसतात ते मेलेले. आम्हाला जन्मणारे दाखवायचे आहेत." सभेत हशा पिकला, आणि त्या हशातच प्रस्ताव पार पडला.

विनोद बाजूस ठेवला तरी आमच्या मनात एक खंत होती. आपल्या ज्ञातीत मासळीवाचून रविवार साजरा होत नाही. सरंगा आणि हलवा यांतला भेद आपल्या मुली शाळेत जाण्यापूर्वी ओळखतात. परंतु मासा खडूने फळ्यावर काढून त्याचे कल्ले, पर आणि खवले दाखविण्यात आमची सदतीस वर्षे गेली, आणि त्या सदतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यास आम्ही माशाचे जिवंत अंडे दाखविले नाही. निवृत्तीनंतर ही गोष्ट आम्हास फार टोचू लागली.

असो. श्रावणातील एका शनिवारी पहाटे निघालो. बोरिवली व अंधेरीची मंडळी दादरला गाडीत चढली, मुलुंड व घाटकोपरची ठाण्यास. मुले अडतीस, वडीलधारी माणसे सात. गाडीचे नाव इंद्रायणी एक्सप्रेस. मुलांना आम्ही सांगून ठेवले की ज्या नदीचे नाव या गाडीस दिले आहे, तिच्याच उगमाकडे आपण चाललो आहोत. देहूच्या ज्या डोहात तुकोबांच्या वह्या बुडाल्या आणि तरल्या असे आपण कीर्तनात ऐकतो, त्या डोहाचे पाणी लोणावळ्याच्या डोंगरांतून निघते.

लोणावळ्यास वळवणचे धरण आहे. टाटांच्या जलविद्युत् कंपनीने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांचे पाणी अडविले. ते पाणी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या दिशेने जावयाचे. त्यास नळांतून घाटाखाली खोपोलीस उतरविले आणि १९१५ साली त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे त्या गिरण्यांत राबले आहेत. म्हणजे या डोंगरातल्या पाण्याचे अन्न आपल्या घराण्यांनी खाल्ले आहे, ही गोष्ट मुलांना ठाऊक असावी असे आम्हास वाटते.

याच वळवणच्या काठी टाटांचे मत्स्यबीज केंद्र आहे, आणि तेथे महसीर या माशाची पैदास केली जाते. महसीर हा आपल्या नद्यांतला बलदंड मासा. वाढू दिला तर हातभराहून पुष्कळ मोठा होतो. त्यास स्वच्छ, वाहते, खडकाळ पाणी लागते, आणि पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढत जाऊन गोट्या-वाळूच्या जागी अंडी घालतो. सह्याद्रीतल्या ज्या निळसर पंखांच्या महसीराची येथे पैदास होते, त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली केले. दख्खनच्या माशांना नावे देताना हा गृहस्थ ठिकठिकाणी येथल्याच लोकांच्या तोंडची नावे घेई. म्हणून या माशाचे लॅटिन नाव 'टॉर खुद्री' असे, अर्धे आपलेच आहे.

नदीला बांध पडला की असल्या माशाची वाट अडते. त्यात पाणी गढूळ झाले, सुरुंग लावून मासे मारण्याची दुष्ट चाल पडली, आणि महसीर नाहीसा होऊ लागला. तेव्हा १९७०च्या सुमारास राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि पुढे या केंद्रातील श्री. एस. एन. ओगले यांनी येथे महसीराची अंडी माणसाच्या देखरेखीखाली उबविण्याची रीत बसविली. या विद्येत आपला देश मागे नाही हेही मुलांना कळले पाहिजे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. अलीकुन्ही यांनी माशाच्याच मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या कार्प जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालावयास लावले. रोहू-कटला आज गावोगावच्या तळ्यांत वाढतो तो त्या दिवसामुळे. आणि या शास्त्राचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६१ सालापासून आपल्या मुंबईत आहे. ती आपल्या अंधेरीस, वर्सोव्यात आहे. अंधेरी शाखेच्या कितीतरी मंडळींनी तिच्या फाटकावरून रोज ये-जा केली असेल, आत काय चालते हे मात्र विचारले नसेल. आम्हीही विचारले नव्हते.

आता केंद्रातील हकीकत. आम्ही परवानगी आगाऊ घेतली होती. तेथील एका कर्मचाऱ्याने आम्हास हिंडून सर्व दाखविले. सावलीत ओळीने उथळ तबके मांडलेली, त्यांवरून नितळ पाण्याची धार अखंड वाहते आहे, आणि तळाशी मोहरीहून मोठे, सोनेरी-पिवळे दाणे पसरलेले. मुले वाकून पाहू लागली. इतक्यात इयत्ता चौथीतील एक मुलगा मोठ्याने ओरडला, "गुरुजी, गाबोळी!"

सगळे हसले. तो कर्मचारी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "होय बाळ, गाबोळीच. फक्त ही कुणी तळलेली नाही."

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने आमचा सदरा ओढून हळूच विचारता झाला, "मग आई तळते त्या गाबोळीचे मासे झाले असते?"

मंडळी, सदतीस वर्षे शिकविलेल्या माणसास या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. खोटे सांगणे बरे नव्हे, आणि मुलाच्या ताटातला घास कडू करणेही बरे नव्हे. आम्ही म्हणालो, "काहींचे झाले असते. सगळ्यांचे नव्हे." त्याने पुन्हा तबकाकडे पाहिले आणि तो दाणे मोजू लागला. तीसच्या पुढे त्याचा हिशेब चुकला, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

त्या कर्मचाऱ्याने मग सर्व क्रिया समजावून दिली. पावसाळ्यात मादी पक्व झाली की तिच्या पोटावरून हळुवार बोट फिरवून अंडी कोरड्या भांड्यात घेतात. त्यावर नराचे रेत घेऊन मऊ पिसाने दोन्ही एकत्र करतात, आणि नंतर पाणी घालतात. मादी व नर दोघांनाही पुन्हा तळ्यात सोडतात. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिले बाहेर येतात. ती प्रथम पोहत नाहीत. पोटाशी बांधलेली अन्नाची पिवळी पुरचुंडी घेऊन ती तळाशी, उजेड चुकवून, कोपऱ्यात दाटीने पडून राहतात. ती शिदोरी संपत आली की मग हळूहळू वर येऊन खाणे शोधतात. या इवल्या पिलांना मत्स्यव्यवसायात 'जिरे' म्हणतात, आणि बोटाएवढी झाली की 'बोटुकली'. स्वयंपाकघरातील जिरे एवढेच ठाऊक असलेल्या मुलींना या नावाची फार मौज वाटली.

रोहूच्या मादीस लाखांनी अंडी होतात. महसीराच्या मादीचा हिशेब हजारांत बसतो. म्हणून येथे एकेका दाण्याची किंमत अधिक. जे अंडे मरते ते पांढरे पडते, त्यावर बुरशी धरते, आणि ती बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यास गिळते. तेव्हा तेथील माणसे रोज तबकावर वाकून पांढरी अंडी एक-एक करून वेचून काढतात. आम्ही विचारले, "हे काम किती वेळ चालते?" उत्तर मिळाले, "संपेपर्यंत." शिक्षकाच्या धंद्याचे याहून नेमके वर्णन आम्ही ऐकलेले नाही.

आणखी एक नवल ऐका. माशाची अंडी पाण्यावाचून प्रवास करतात. ओल्या कापसाच्या थरांत ती अलगद मांडून, डब्यात बंद करून, विमानाने दूरच्या प्रांतांत पाठविण्याची युक्ती कुलकर्णी-ओगले यांनी येथेच सिद्ध केली. बाळंतविड्यातील कापूस पाहिलेल्या आपल्या भगिनींना हे ऐकून कौतुक वाटले. परंतु याच कौतुकाच्या जागी आमच्या सहलीस वेगळे वळण लागले.

इयत्ता आठवीतील एका मुलीने विचारले, "इथले मासे कुठल्याही नदीत सोडले तर चालतात का?"

कर्मचारी क्षणभर थांबला. मग त्याने जे सांगितले ते आम्ही घरी येऊन पडताळून पाहिले, आणि ते खरे आहे. दक्षिणेत कावेरी नदीत महसीराची एक निराळी जात आहे. पाठीवर उंचवटा असल्यामुळे तिला कुबडा महसीर म्हणतात. महसीर वाढावा या सद्‌हेतूने मागील पिढीत कावेरीत आपल्याकडचा निळ्या पंखांचा महसीर सोडण्यात आला. तो तेथे रुजला, वाढला, आणि मूळचा कुबडा महसीर मात्र घटत गेला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या कुबड्या महसीराची शास्त्रीय ओळख पक्की केली, आणि ती झाली तेव्हा तो जगातील अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत जाऊन बसला. इकडे आपला निळ्या पंखांचा महसीर त्याच यादीत पूर्वी संकटग्रस्त गणला जाई, तो आता धोक्याच्या बाहेर मानला जातो. ज्यांनी मासे सोडले त्यांना त्या काळी ही दुसरी जात आहे हे ठाऊक नव्हते. त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही.

कारण दोषाचा वाटा आमच्या स्वतःच्या पदरातही आहे, आणि तो आम्ही परतीच्या गाडीत मुलांपुढे कबूल केला. आज आपणापुढे करतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गातील काही मुलांनी बाजारात टोपलीत वळवळणारे जिवंत मांगूर पाहिले आणि त्यांना दया आली. दुसऱ्या दिवशी मुलांनी खाऊचे पैसे एकत्र केले. आम्ही त्यात आपली भर घातली, चार मांगूर विकत घेतले, आणि शाळा सुटल्यावर सगळी मिरवणूक बादली घेऊन जवळच्या एका तळ्यावर गेली. आम्ही भूतदयेवर छोटेसे व्याख्यान दिले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मासे पाण्यात गेले. आम्ही त्या रात्री फार समाधानाने झोपलो.

पुष्कळ वर्षांनी आम्हास कळले की बाजारात तसा विकला जाणारा मांगूर बहुधा आफ्रिकेतून आलेल्या जातीचा असतो. तो खादाड आहे, इतर मासे व त्यांची अंडी फस्त करतो, आणि म्हणूनच त्याच्या पालनास आपल्या देशात २००० सालापासून मनाई आहे. आमचे चार मासे त्याच जातीचे होते की आपले देशी होते, हे आज सांगता येणार नाही. तेव्हा आम्ही विचारलेच नव्हते, आणि आमचा अपराध तोच. आम्ही दया शिकविली, चौकशी शिकविली नाही. ते विद्यार्थी आज पस्तिशीच्या घरात असतील, त्यांची मुले शाळेत जात असतील, आणि मासे पाण्यात सोडणे म्हणजे पुण्य असे ते आपल्या मुलांना सांगत असतील. त्यांना एकेकास गाठून चूक दुरुस्त करणे आता आमच्या हाती नाही. म्हणून या व्यासपीठावरून सांगतो, आणि स्मरणिकेत छापावयास देतो, न जाणो त्यांपैकी कुणाच्या हाती पडेल. जीव वाढविणे हे अर्धे काम. तो कोणत्या पाण्याचा आहे हे विचारणे हे उरलेले अर्धे.

आमची कबुली ऐकून डब्यात थोडा वेळ शांतता पसरली. नंतर तीच आठवीतील मुलगी म्हणाली, "गुरुजी, पण तुम्हाला कुणी सांगितलेच नव्हते." आम्ही म्हणालो, "बाळ, मला कुणी विचारलेही नव्हते. आज तू विचारलेस."

आता आपल्या घरांकडे वळू. श्रावणात आपण मासळी वर्ज्य करतो. त्यामागे धर्मभावना आहेच. परंतु पावसाळा हा पुष्कळशा माशांच्या विणीचा काळ असतो, हेही लक्षात घ्यावे. आपले कोळी बांधव परंपरेने नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतात. आणि शासनानेही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी केली आहे. देवाच्या नावानेही आपल्या लोकांनी मासे राखले आहेत. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या डोहात देवळापाशी कोणी जाळे टाकीत नाही, आणि महाडकडे वाळण कोंडीतही तोच नेम आहे. ज्या वैतरणेचे पाणी आपल्या उपनगरांच्या नळांस येते, तिच्याच काठी हा नेम पाळला जातो. शास्त्र आणि श्रद्धा येथे एकाच डोहावर येऊन भेटतात.

मात्र एक महिना न खाणे आणि उरलेले अकरा महिने न पाहता खाणे, याने हिशेब पुरा होत नाही. २०२३ साली आपल्या राज्याने पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडू नये म्हणून. पापलेटाची ती लांबी १३५ मिलिमीटर आहे. शाळेच्या कंपासपेटीतील पट्टी १५० मिलिमीटरची असते. म्हणजे हा कायदा प्रत्येक मुलाच्या दप्तरात मावतो.

आम्ही हे गाडीत बोलता बोलता सांगितले आणि विसरलो. मुले विसरली नाहीत. श्रावण संपल्यावर पहिल्याच रविवारी घाटकोपरच्या एका भगिनी बाजारास निघाल्या, तो कन्या पट्टी घेऊन मागे. वाट्यातले लहान पापलेट तिने मोजले. ते भरले ११० मिलिमीटर. "आई, हे घ्यायचे नाही." आई संकोचली. कोळीणबाई प्रथम चिडली, मग मुलीचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाय, ती पट्टी मला नको दावू. जालं टाकनाऱ्याला दाव." त्या भगिनींनी ही हकीकत हसत हसत आम्हास सांगितली. आम्हास मात्र ते उत्तर फार खरे वाटले. वाटा घेऊन बसणाऱ्या बाईच्या हाती जाळ्याचा डोळा नसतो. तरीही जे कोणी विकत घेत नाही, ते फार दिवस कोणी पकडीत नाही. त्या दिवशी त्यांच्या घरी बांगडा शिजला.

गाबोळीवाल्या मुलाचे काय झाले, असे आपण विचाराल. तो आजही गाबोळी खातो. खावी. आम्हीही खातो. त्याची आई सांगते की ताटात गाबोळी आली की तो आधी क्षणभर तिच्याकडे पाहतो, मग खातो, आणि पानात एक कणही टाकीत नाही. सहलीने एवढे साधले असेल, तर मंडळाचा पैसा वाया गेला नाही असे आम्ही हिशेबतपासनिसांना सांगू शकतो.

शेवटी मंडळास दोन विनंत्या. ही श्रावणातील सहल दरवर्षी व्हावी. वळवणला जाणे प्रत्येक वेळी जमेलच असे नाही. राज्यात इतरही मत्स्यबीज केंद्रे आहेत, आणि वर्सोव्याची संस्था तर दाराशी आहे. रीतसर अर्ज करून, मुलांना दाखविण्याजोगे काय आहे ते विचारावे. दुसरी विनंती पालकांस. मुलांना आधी सर्व पढवून आणू नका. त्या आठवीतील मुलीचा प्रश्न कुठल्याही पुस्तकातून पाठ करून आलेला नव्हता. तो तबकावर वाकून, पाणी पाहता पाहता सुचला होता. घसरगुंडीस आमचा विरोध नाही, तीही लहानपणीच करावी. परंतु वर्षातून एक दिवस मुलास अशा ठिकाणी उभे करावे, की जेथे काहीतरी हळू वाढत आहे आणि एक माणूस वाकून त्याची काळजी घेत आहे.

 समोरच्या बालमित्रांना एवढेच सांगणे, की पुढल्या श्रावणात प्रश्न घेऊन या. उत्तरे आम्हास येतीलच असे नाही. न आली तर आपण मिळून शोधू.